केरबा आणि चौथी पेटी

एका गावात एक भोळा पेटीवाला होता. गाव हिंगणवडी, नाव केरबा.

पेटीवाला म्हणजे सिनेमाच्या पेट्या सांभाळणारा. मुकुंदशेठची तंबू टॉकीज होती. माघ ते वैशाख ती जत्रेजत्रेला फिरायची. तंबूत मधे दोरी, दोरीच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, पुढे पांढरा पडदा. जीपमधून पेट्या उतरवायच्या, त्या दिवशीची पेटी मशीनवाल्याच्या हातात द्यायची, खेळ सुटला की परत कुलपात ठेवायची. एवढंच केरबाचं काम. वीस वर्षं तो ते करत होता आणि वीस वर्षं मुकुंदशेठ कपाळाला हात लावत होते.

केरबाला एक सवय होती. तो वही लिहीत असे. शाळा दुसरीपर्यंत झाली होती. पुढचं लिहिणं तो सिनेमाच्या पोस्टरांवरून शिकला, त्यामुळे त्याचं अक्षर मोठं होतं आणि थोडं तिरकं. रोज एक पान. वर तारीख, वार आणि वेळ. त्याखाली 'आजची चूक'. त्याखाली 'शिकलो ते'. चार वह्या भरल्या होत्या, पाचवी चालू होती.

"लोक देवाचं नाव लिहितात," त्याची बायको हौसा म्हणायची, "आमच्यात हे."

"अगं, चूक लिहून ठेवली की पुन्हा होत नाही," केरबा म्हणायचा.

ते खरंच होतं. एक चूक त्याच्या हातून दोनदा कधी झाली नाही. दर वेळी नवी झाली. हौसा एकदा म्हणाली, "मी पाण्याला जाते, दुधाकडे लक्ष ठेवा." केरबाने लक्ष ठेवलं. दूध उतू गेलं तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती, हे त्याच्या वहीत आजही बघायला मिळेल.

या दोघांना एकच मुलगी, मालन. वीस वर्षांची, कामाला वाघीण. तिची एक सोयरीक जमता जमता मोडली होती. पाहुणे मुलगी बघून निघाले तेव्हा हौसा नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्यांना दारापर्यंत सोडून या." केरबा त्यांना दारापर्यंत सोडून आला. त्यांच्या दारापर्यंत. ते गाव बावीस मैलांवर होतं. तिथे तो दोन दिवस राहिला, कारण परत या असं हौसा म्हणाली नव्हती. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी नारळ परत पाठवला.

"आता दुसरी सोयरीक मोडली," हौसा म्हणाली, "तर वहीसकट तुम्हाला विहिरीत टाकीन."

केरबाने तेही लिहिलं. पुढे लिहिलं, 'मला पोहता येत नाही. वही आधी काढून ठेवणे.'

त्या वर्षी मुकुंदशेठनी 'वाघजी सरदार'चे चार सिनेमे आणले. एकाच वाघजीची गोष्ट, पण चार भागांत. चार पेट्या, पेट्यांवर तांबड्या रंगात आकडे: एक, दोन, तीन, चार. जत्रा चार दिवसांची, रोज एक पेटी. पहिली जत्रा सोनवड्याची.

प्रत्येक पेटीत गोष्टीचं एक चोपडं होतं. केरबा व्यवस्थित माणूस. त्याने चारही चोपडी वाचली आणि वहीत तक्ता केला. पहिल्या पेटीत वाघजी तरणाबांड आहे, काळ्या बुरख्याच्या दरोडेखोराशी लढतो. दुसऱ्या पेटीच्या शेवटी बुरखा उतरतो आणि कळतं, हा तर वाघजीचा लहानपणी पुरात वाहून गेलेला भाऊ. तिसऱ्या पेटीत दोघे भाऊ म्हातारे होऊन मरतात. आणि चौथ्या पेटीत वाघजीचं बारसं.

केरबा चमकला. तिसऱ्या दिवशी माणूस मेला आणि चौथ्या दिवशी त्याचं बारसं. रंगाऱ्याने आकडे चुकवले म्हणायचे. शेठ त्या वेळी सरपंचांकडे चहाला गेले होते, आणि केरबाला कुणाची चूक चारचौघांत काढायला आवडत नसे. त्याने गुपचूप आकडे खरवडले. चौथ्या पेटीवर एक लिहिलं, पहिलीवर दोन, दुसरीवर तीन, तिसरीवर चार. आता माणूस आधी जन्मणार होता आणि नंतर मरणार होता. केरबाला फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी बारसं झालं. बायकांनी पडद्यावरच्या बायकांबरोबर पाळणा म्हटला. मग पूर आला आणि थोरलं पोर वाहून गेलं. त्या पोराच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. ती पडद्यावर दोनदा मोठी करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी बुरखेवाला घोड्यावरून आला. त्याने डाव्या हाताने तलवार उपसली. मुठीवर सहा बोटं दिसली. मग बायकांतून एक म्हातारी उठली.

"आरं वाघज्या, त्यो तुजा भाऊ हाय. बोटं मोज."

"त्याला ऐकू येत न्हाई, आत्ती," पुरुषांतून कुणीतरी म्हणालं.

"मग तुमी समदी मिळून वरडा की."

सगळा तंबू मिळून ओरडला. वाघजीने ऐकलं नाही. दोन तास तो सख्ख्या भावाशी लढत राहिला आणि दोन तास लोक त्याला शिव्या देत राहिले. बाहेर पडताना सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: एवढ्या बिनडोक माणसाचा सिनेमा कशाला काढला?

तिसऱ्या दिवशी तंबूत अकरा माणसं होती आणि एक शेळी.

"केरबा, लोक कुठे आहेत?" शेठनी विचारलं.

"घरी. बुरख्यात कोण आहे ते त्यांना ठाऊक आहे, शेठ."

शेठनी पेट्या पाहिल्या. खरवडलेले आकडे पाहिले. कपाळाला हात लावला.

"अरे, ज्यांनी हे सिनेमे काढले त्यांनी बारसं शेवटी काढलं ते वेडे होते म्हणून? गुपित आधी फोडलं की पुढे बघायला माणूस येत नाही. गुपित आधी फोडायचं नसतं. कुणी विचारलं तरी नाही."

केरबाने वही काढली. तारीख लिहिली, वार लिहिला, वेळ लिहिली. आजची चूक: माणूस वेळेवर जन्माला घातला. शिकलो ते: गुपित आधी फोडू नये. कुणी विचारलं तरी नाही.

पुढची जत्रा बेलसऱ्याची. सकाळी जीपमधून कर्ण्यावर गावात पुकारा करायचा असे. पुकारणाऱ्याचा घसा बसला होता, म्हणून शेठनी केरबाला पाठवलं. जीप जमालभाई चालवायचे. शेठ म्हणतील तिथे जीप नेणं आणि मधे प्रश्न न विचारणं, हे त्यांचं तत्त्व होतं.

केरबाने कर्णा तोंडाशी धरला.

"ऐका हो ऐका. आज संध्याकाळी तुमच्या गावात एक गोष्ट होणार आहे."

लोक दाराशी आले. "कसली गोष्ट?"

"ते आत्ता सांगता येत नाही."

"कुठं व्हनार हाय?"

"तेही सांगता येत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

एका म्हाताऱ्याने काठी टेकत जीप थांबवली. "बाबा, कुनी मेलंबिलं न्हाई न्हवं?"

"कोण मरतं ते तर मी मुळीच सांगणार नाही," केरबा म्हणाला. "पण दोघे मरतात."

संध्याकाळी बेलसऱ्यात दिवा लागला नाही. सगळ्या गावाने दारं लावून घेतली. पोलिसपाटील चार माणसं आणि भाले घेऊन तंबूजवळ आले आणि शेठना म्हणाले, आधी ती दोन नावं सांगा.

शेठनी कपाळाला दोन्ही हात लावले.

"केरबा, पुकारा म्हणजे सांगणं. आणि सांगायचं तर भरभरून सांगायचं. काय आहे, कसं आहे, मारामाऱ्या किती, गाणी किती, हसवतं की रडवतं. हातचं काही ठेवायचं नाही. ऐकणारा उठून आला पाहिजे."

केरबाने वही काढली. तारीख, वार, वेळ. आजची चूक: गाव घाबरवलं. शिकलो ते: भरभरून सांगावं. मारामाऱ्या, गाणी, हसणं, रडणं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'आज शेठनी पाच वेळा कपाळाला हात लावला. त्यातला एक धरला नाही, कारण डास होता.'

मग चार दिवस सुट्टी मिळाली आणि तो घरी आला. घरी पाहुणे येणार होते. मोरखिंडीचे बळवंतआप्पा, त्यांचा मुलगा दिनकर. घर चांगलं, मुलगा शांत. पण आप्पांचं एक होतं. त्यांना रीत लागायची. उठायची रीत, बसायची रीत, पान खायची रीत.

पोहे झाले. मालन पाट घेऊन बसली, नाव सांगून आत गेली. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि केरबाकडे वळले.

"पावणं, मुलीबद्दल काय तरी सांगा की."

हौसा दाराआडून खोकली. केरबाला वाटलं, तिला ठसका लागला. तो उभा राहिला. दोन्ही हातांचा कर्णा करून त्याने तोंडाशी धरला.

"येत आहे, येत आहे. हिंगणवडीची मालन, मोरखिंडीत प्रथमच. वय वर्षं वीस. मारामाऱ्या दोन, दोन्ही चुलतभावांबरोबर, दोन्हींत विजयी. गाणी चौदा, सगळी जात्यावरची. भाकरी गोल, आमटी मधूनमधून खारट. हसवणारी आणि रडवणारी. स्वतः रडली तर अडीच तास, मधे मध्यंतर नाही, आणि तेवढ्या वेळात एक शब्द बोलत नाही. सहकुटुंब सहपरिवार बघावी अशी."

दिनकरच्या नाकातून चहा आला. हौसाने दाराआड डोळे मिटले आणि विहिरीची खोली आठवली.

आप्पा हसले नाहीत.

"मुलीच्या बापानं मुलीची खोट आपल्या तोंडानं सांगावी, अशी आमच्यात जुनी रीत हाय," ते म्हणाले. "पर सांगत कुनी नव्हतं. तुमी सांगितली. मुलगी पसंत." मग बोट वर केलं. "एकच. लग्नात समदं रीतीपरमानं झालं पायजे. रीत मोडली की सोयरीक मोडली."

पाहुणे गेल्यावर हौसा नवऱ्यासमोर येऊन बसली.

"नशिबानं जमलं. आता लग्नापर्यंत माझी एक विनंती ऐका. कुणी काही विचारलं तर 'हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. दुसरा शब्द नाही."

"हो," केरबा म्हणाला. वही काढली. तारीख, वार, वेळ. आजची चूक: कळली नाही, हौसाला विचारणे. शिकलो ते: विचारलं तर हो.

पुढच्या जत्रेत तिकिटांवरचा माणूस चहाला गेला होता आणि दारावर केरबा उभा होता. शेजारच्या वाडीवरून सहा बैलगाड्या आल्या.

"काय हो, सुरू झाला व्हय शिनेमा?"

"हो."

"मंग आता संपत आला आसंल."

"हो."

"म्हंजी माघारीच जावं म्हंता?"

"हो."

सहा गाड्या माघारी वळल्या. तेवढ्यात नटूनथटून बायकांचा घोळका आला. पुढची बाई पदर सावरत म्हणाली, "दादा, बायामानसांनी बघू नये आसलं काय हाय का ह्यात?"

"हो," केरबा म्हणाला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. आत बसलेल्या पोरींना हाका मारल्या आणि त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

शेठ धावत आले. रिकामी दोरी बघितली. त्या दोरीच्या आता दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं.

"केरबा, तू मला बुडवायचं ठरवलं आहेस का?"

"हो," केरबा म्हणाला.

त्या दिवशी शेठनी कपाळाला हात लावला नाही. थकले होते. ते चौथ्या पेटीवर बसले आणि केरबाला तिसऱ्या पेटीवर बसवलं. केरबाला खरोखर वाईट वाटत होतं. वीस वर्षं हा माणूस आपल्याला सांभाळतो, आणि आपण एक गोष्ट त्याच्या मनासारखी करत नाही.

"शेठ," तो म्हणाला, "माझं डोकं म्हणजे दुसरीतलं. एकदा सगळं मुळापासून सांगा. आधीचं शेवटी का काढलं? म्हणजे मी पुन्हा चुकणार नाही."

शेठ चांगले होते. त्यांनी सांगितलं.

"हे बघ. ज्यानं वाघजी काढला, त्याला पहिल्या वेळी ठाऊक होतं का पुढचा निघेल म्हणून? लोक बघतील का तेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग माणूस काय करतो? सगळ्या गोष्टीतला लोकांना जास्तीत जास्त आवडेल असा तुकडा आधी काढतो. घोडे, तलवारी, बुरखा. तो चालला. लोक म्हणाले, पुढे? मग पुढचं काढलं. मग शेवट काढला. तोवर वाघजी घरचाच माणूस झाला होता. तेव्हा लोक विचारायला लागले, हा लहानपणी कसा होता हो? मग बारसं. अनोळखी पोराच्या बारशाला कोण येतो, केरबा? पण एकदा लळा लागला, की बारसं शेवटी आलं तरी लोक आवडीनं बघतात."

केरबाला आयुष्यात पहिल्यांदा सगळं लख्ख समजलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वही काढली. तारीख, वार, वेळ. शिकलो ते: क्रम. लोकांना आवडतं ते आधी. बाकीचं पुढच्या भागात. बारसं सगळ्यात शेवटी. 'क्रम' या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या.

वैशाखात मालनचं लग्न निघालं. मुकुंदशेठनी मांडवासाठी तंबू दिला, अंतरपाटासाठी सिनेमाचा पडदा दिला, आणि जमालभाईंसकट जीप दिली. हिंगणवडीत तंबू उभा राहिला. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता.

सकाळी हौसा पळी हातात घेऊन स्वयंपाकाकडे निघाली.

"मी आज चुलाणावरून हलणार नाही. मला काही विचारू नका. एवढंच बघा, सगळं क्रमानं झालं पाहिजे. रीत मोडली की सोयरीक मोडली. आठवतंय ना?"

"क्रमाने ना?" केरबाने विचारलं.

"क्रमाने."

"मग काळजी सोड. क्रम मला आता नीट कळला आहे."

हौसाला बरं वाटलं. ती आत गेली.

केरबाने वही उघडली. अक्षता, जेवणं, पाठवणी. लोकांना यातलं सगळ्यात काय आवडतं? त्याने शेजारच्या धोंडाकाकूंना विचारलं.

"पाठवणी, आणि काय," धोंडाकाकू म्हणाल्या. "पाठवणीला रडल्याबिगर लग्नाला गेल्यागत वाटत न्हाई बघ."

आणखी चार बायकांना विचारलं. चौघी पाठवणीच म्हणाल्या. केरबाने खूण केली आणि दहा वाजता मालनपुढे जाऊन उभा राहिला. ती नवी साडी नेसून गौरीहराशी बसली होती.

"ऊठ बाळ. पाठवणी."

"आत्ता? आबा, अजून लग्न लागायचंय."

"ते पुढच्या भागात."

मालन बापाला वीस वर्षं ओळखत होती. तिने आईला हाक मारायला तोंड उघडलं. पण पाठवणी हा शब्द धोंडाकाकूंनी ऐकला होता. त्यांनी मालनच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला. त्यांच्या मागे चौघी. त्यांच्या मागे सगळी आळी. रडणं एकदा सुरू झालं की कशाबद्दल ते कुणी विचारत नाही. मालनलाही रडू फुटलं. आणि मालन रडली की अडीच तास, मधे एक शब्द नाही.

आतून हौसाने रडणं ऐकलं. तंबूत शेठनी सिनेमा लावला असेल, असं तिला वाटलं.

जीपमध्ये मालन बसली, पाठराखीण म्हणून धोंडाकाकू बसल्या. जमालभाईंनी एकदाच मागे पाहिलं.

"नवरा?"

"मागून येतो," केरबा म्हणाला.

जमालभाईंना यात नवल वाटलं नाही. सिनेमाच्या धंद्यात एक पेटी पुढे जाते, दुसरी मागून येते. जीप ओढ्याच्या वाटेने गेली. तासाभराने नवऱ्याकडचा ट्रक सडकेने आला.

साडेबाराला भटजींनी अंतरपाट धरायला सांगितलं. सिनेमाचा पडदा तो, सगळ्या मांडवाच्या मधे भिंतीसारखा उभा राहिला. अलीकडे दिनकर, भटजी आणि वऱ्हाड. पलीकडे मुलीकडचे लोक. पलीकडच्यांना दिसत होतं, की बोहल्यावर नवरीच्या जागी कुणी नाही. पण त्यांनी तिला स्वतः रडून जीपमध्ये बसवलं होतं. ही आप्पांच्याकडची रीत असणार, असं त्यांना वाटलं, आणि आप्पांच्या रीतीबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांनी गप्प अक्षता टाकल्या.

मंगलाष्टकं झाली. वाजंत्री वाजली. अंतरपाट खाली आला. दिनकरने हार पुढे केला.

पलीकडे केरबा उभा होता. हातात वही.

"मालन कुठाय?" दिनकरने विचारलं.

"पुढच्या भागात."

"पुढचा भाग कुठं लागलाय?"

"तुमच्या घरी."

आप्पांचा आवाज घरघरला. "आधी पाठवनी, मंग अक्षता. रीत मोडली. सोयरीक मोडली. ट्रक काढा."

हौसा पळी घेऊन बाहेर आली. रिकामी जागा बघितली, नवरा बघितला. पळीसकट ट्रकमध्ये चढली. तिच्या मागे भटजी, कारण त्यांची दक्षिणा राहिली होती. त्यांच्या मागे शेठ, आणि पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन केरबा, कारण पडदा परत करायचा होता. वाटेत त्याने वही काढली नाही. लेकीचं लग्न मोडलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला सुचेना.

मोरखिंडीत आप्पांच्या दारात त्यांची बायको तुळसाबाई उभी होती. मुलाच्या आईने अक्षता बघायच्या नाहीत, घरी थांबून सुनेला घरात घ्यायचं, अशी त्या घरातली रीत होती.

"किती उशीर म्हनायचा हो," तुळसाबाई म्हणाली. "सून कवाची आली. रडत होती बिचारी, तोंडातनं शब्द निघंना. म्या भाकरतुकडा ओवाळला, मापात तांदूळ भरलं, आत घेतली. आता रडनं थांबलंय, तर गोठ्यात म्हशीला पानी पाजतीया."

आप्पा पायरीवरच थांबले.

"माप वलांडलं?"

"उजव्या पायानं."

"देवाला नमस्कार?"

"झाला. जोडीचा तेवढा राहिलाय."

आप्पा ओट्यावर बसले. पान लावलं, खाल्लं नाही. सगळी माणसं उन्हात उभी राहिली. हौसाने पळी छातीशी धरली होती.

"माप वलांडल्याली सून माघारी धाडायची," आप्पा शेवटी म्हणाले, "आपल्यात रीत न्हाई."

"न्हाई," तुळसाबाई म्हणाली.

"मंग लगीन लावा."

भटजींनी गोरज मुहूर्त काढला. गाई रानातून परतायच्या वेळी आप्पांच्या अंगणात पुन्हा पडदा धरला गेला. तुळसाबाई पाठ फिरवून बसली. पडदा खाली आला. या वेळी दिनकरने आधी नीट पाहिलं आणि मगच हार घातला. पलीकडे मालन होती. हौसाने रडायचं ठरवलं होतं, पण तिला हसू आलं. आप्पासुद्धा मिशीत हसले आणि केरबाला जवळ बोलावून पान दिलं.

"वाचलो," हौसा नवऱ्याच्या कानात म्हणाली. "आता शांत बसा. आता काही म्हणता काही राहिलेलं नाही."

केरबाने वही उघडून बघितलं. पाठवणी झाली. अक्षता झाल्या. जेवणं चालू होती. दोन रेघांखाली एक ओळ मात्र राहिली होती, आणि शेठनी ती नीट समजावून सांगितली होती. पोरीचा लळा तर आता सगळ्यांना लागला होता, आणि तिचं बारसं इथे कुणीच पाहिलं नव्हतं.

तो गोठ्याच्या माळ्यावर चढला. तिथे दिनकरचा जुना लाकडी पाळणा होता. केरबाने तो पुसला. अंगणात मधोमध, नवराबायकोच्या डोक्यावर, मांडवाच्या आडव्या वाशाला दोरांनी बांधला. नवरानवरीचे हार काढून पाळण्याला घातले. मग दोन्ही हातांचा कर्णा केला.

"येत आहे, येत आहे. शेवटचा भाग. बायकांनो, पाळणा म्हणायला या."

अंगणात घास हातातल्या हातात राहिले. लोकांनी पाळणा पाहिला. मग मालनकडे पाहिलं. मग दिनकरकडे. दिनकरने जमिनीकडे पाहिलं. तुळसाबाई बोटांवर महिने मोजू लागली.

आप्पांनी सगळ्या रीती आठवून पाहिल्या. लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाने पाळणा बांधला तर काय करायचं, याची रीत त्यांच्याकडे नव्हती.

"पावणं," ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय?"

"बारसं."

"कुनाचं?"

केरबाला सोनवड्याची जत्रा आठवली. "ते आत्ता फोडायचं नसतं."

"म्हंजी काय तरी हाय?"

"हो."

"आनि ही गोष्ट कवाची?"

केरबाने वहीतल्या दोन रेघांवर बोट ठेवलं. आज पहिल्यांदाच सगळं बरोबर जमून आलं होतं.

"लग्नाच्या आधीची, आप्पा," तो म्हणाला. "म्हणून तर शेवटी ठेवली."

हौसाने पळी उचलली. आप्पा खुलासा विचारायला सुनेकडे वळले. पण मालन रडायला लागली होती.

केरबाने घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहून घेतली.